आईला मिठाची खाण दाखवायची आहे. जावं का?

शिरोड्याची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पोलंडमध्ये क्राकूफला शिकते. दसरा झाला की मी आणि आई तिच्याकडे जाणार आहोत. शहरापासून अगदी जवळ व्येलिच्का नावाची मिठाची जुनी खाण आहे. सोबत गाईड घेऊनच खाली उतरता येतं आणि बघायला अर्धा-पाऊण दिवस लागतो, असं मुलगी सांगते.

आईची बहात्तरी उलटली. तिचं सगळं आयुष्य शिरोड्याच्या मिठागरांवर गेलं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, एप्रिल-मेच्या उन्हात मीठ ओढून राशी घालायच्या. मीठ जमिनीखालून दगडासारखं खणून काढतात हे ऐकल्यापासून तिच्या डोक्यातून ते जात नाही. "त्यांका ऊन नाय लागत तर मीठ सुकता कसा?" हा प्रश्न ती रोज नातीला फोनवर विचारते.

अडचण अशी की आत आठशे पायऱ्या आहेत आणि आईचा उजवा गुडघा कुरकुरतो. शिवाय बंद जागेत तिला घाबरं होईल का, याची मला धास्ती आहे. माझ्या बहिणीचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन काळोखात कशाला शिरता, त्यापेक्षा गावातले राजवाडे बघा. माझं मन खाणीकडे ओढतंय. कुणी गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा. अशा जुन्या खाणींत दुसऱ्या कुठल्या देशात गेला असाल तरी चालेल.

काजूबोंड

आवशीक घेवन जा गो बाय! जिना उभ्या जल्मात मीठच बघल्यान, तिका ता बघूक व्हया. पायऱ्यांचो विचार मगे.

घाटमाथ्यावरची

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, सोबत सासूबाई होत्या. नीट सांगते.

आठशे पायऱ्या एकदम नाहीत. सुरुवातीलाच लाकडी जिना आहे, त्याच्या सुमारे 380 पायऱ्या. गोल गोल फिरत आपण 64 मीटर खाली पोचतो. तेवढा टप्पा कंटाळवाणा आहे आणि गुडघ्याला तोच जाचतो. बाकीच्या पायऱ्या पुढे थोड्या थोड्या करून येतात, मध्ये सपाट चाल. एकूण वाट साडेतीन किलोमीटर, सगळ्यात खोल जागा 135 मीटर. वर येताना मात्र लिफ्ट आहे, म्हणजे चढायचं काहीच नाही. सासूबाई कठडा धरून सावकाश उतरल्या.

घाबरं होण्याबद्दल म्हणाल, तर जिना सोडला की वाटा रुंद आहेत. दालनं तर इतकी उंच की आपण जमिनीखाली आहोत हे विसरायला होतं. लिफ्ट तेवढी चिमुकली. माणसं दाटीवाटीने उभी करतात आणि काळोखातून सुसाट वर नेतात. त्या अर्ध्या मिनिटाची कल्पना आईंना आधीच देऊन ठेवा.

हवा 17-18 अंशांची, बारमाही तीच. ऑक्टोबरात बाहेर जास्त गारठा असेल. आत स्वेटर पुरतो.

भरती_ओहोटी

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे. मला ती जागा बाजारी वाटली. एका गटापाठोपाठ दुसरा गट, गाईड घड्याळ बघत पुढे ढकलतो, आत दुकानं, आत उपाहारगृह. खाण बघायला गेलो आणि सजवलेला महाल बघून आलो. खाणकामगार कसा राबला ते समजून घ्यायचं असेल तर तिथूनच पुढे बोख्निया नावाची खाण आहे. ती तितकीच जुनी, गर्दी कमी, आतली छोटी रेल्वे आणि मिठाच्या पाण्यावरची होडीही आहे. 2013 साली तिलाही जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

घाटमाथ्यावरची

@भरती_ओहोटी, गर्दीचं म्हणणं मान्य. पण 'महाल' म्हणून सोडून देऊ नका हो. किंगा राणीचं जे प्रार्थनामंदिर आहे, 101 मीटर खोल, ते बाहेरून कारागीर आणून बांधलेलं नाही. 1896 साली काम सुरू झालं ते खाणीत काम करणाऱ्या माणसांच्याच हातून. दोघे भाऊ आणि त्यांच्यानंतर तिसरा एक कामगार यांनी वर्षानुवर्षं ते कोरलं. जमीन मिठाची, भिंतीवरचं कोरीवकाम मिठाचं, वर झुंबरं आहेत त्यांचे लोलकही मिठाचे. मीठ विरघळवून, शुद्ध करून, पुन्हा स्फटिक करून घडवलेले. जमीन तर फरशा बसवल्यासारखी दिसते, पण ती अखंड मिठातच रेषा कोरून केली आहे. सासूबाईंनी वाकून बोट फिरवलं तेव्हा त्यांना पटलं.

भिंतीला जीभ लावून बघायलाही गाईड सांगतात.

काजूबोंड

भिंत चाटूची परवानगी? आमच्या नातवाक नेव नको रे बाबा, खाण संपतली!

दर्यावर्दी

मी बोटीवर होतो, आता रत्नागिरीत स्थायिक. व्येलिच्का नाही बघितली, पण वेल्समध्ये बोट धक्क्याला लागली असताना बिग पिट ही कोळशाची खाण बघितली होती. 1980 ला बंद पडली आणि 1983 पासून लोकांना दाखवतात.

तिथे आत जाताना घड्याळ, फोन, काडेपेटी, बॅटरीवर चालणारं जे जे असेल ते सगळं काढून घेतात. कोळशाच्या खाणीत वायू असतो, ठिणगी चालत नाही. मग डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, कमरेला पट्टा, पट्ट्याला त्या दिव्याची बॅटरी आणि जीव वाचवायचा श्वसनाचा डबा. पाचेक किलो वजन होतं. पिंजऱ्यातून 90 मीटर खाली.

आमचा गाईड स्वतः खाणीत राबलेला माणूस. एका ठिकाणी त्याने लाकडी दार दाखवलं. हवा योग्य वाटेने फिरावी म्हणून अशी दारं असत आणि गाडी आली की ती उघडायला लहान पोरं बसवत, काळोखात, दिवसभर. 1842 च्या कायद्याने दहा वर्षांखालची मुलं आणि सगळ्या बायका यांना खाली उतरवणं बंद झालं. एवढं सांगून त्याने सगळ्यांना दिवे मालवायला लावले. डोळ्यासमोर हात धरला तरी दिसेना. पंधरा-वीस माणसं उभी होती, कुणी खोकलंसुद्धा नाही. दिवा लागल्यावर माझ्या शेजारच्या बाईंनी आपल्या पोराचा हात जो धरला तो वर येईस्तोवर सोडला नाही.

म्हणून माझं मत, खाण कुठलीही असो, दाखवणारा कोण आहे यावर सगळं आहे. पुस्तक वाचून आलेला गाईड आणि आत घाम गाळलेला गाईड, फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

खनिजवाला

धनबादला शिकलो, बरीच वर्षं भूमिगत खाणीत काढली. आता देवगडला आंबे बघतो. आईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

"ऊन नाही तर मीठ सुकतं कसं?" तर ते ऊन केव्हाच पडून गेलं. सुमारे एक कोटी पस्तीस लाख वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. तो कोंडला, आटला, मीठ तळाशी बसलं, वरून माती-चिखलाचे थर चढले आणि पुढे डोंगर तयार होताना सगळं दाबलं-दुमडलं गेलं. थोडक्यात, आईंनी जे काम शिरोड्याला एका हंगामात केलं तेच तिथे निसर्गाने करून, झाकून ठेवलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं नऊ दशांश पाणी उडून जातं तेव्हा कुठे मीठ खाली बसायला लागतं. मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात ते याचसाठी. व्येलिच्काच्या आत तळी आहेत, त्यांच्या पाण्यात लिटरला तीनशे ग्रॅमहून जास्त मीठ आहे. शेवटच्या वाफ्यातलं पाणी कसं दिसतं आणि हाताला कसं चिकटतं हे आईंना चांगलं माहीत असणार. ते तळं दाखवा आणि त्या काय म्हणतात ते इथे लिहा.

आणखी एक गोष्ट. तिथलं मीठ पांढरं नाही. करड्या, काळपट दगडासारखं दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विरस होतो, म्हणून आधीच सांगून ठेवा.

रानमोगरा

@खनिजवाला, मिठाच्या खाणीत पण वायू असतो का? की तिथे फोन नेला तर चालतो?

खनिजवाला

फोन चालतो, फोटो काढतात सगळे. आताची पर्यटकांची वाट पूर्ण हवेशीर आहे. पण जुन्या काळी तिथे मिथेन साठायचा. तो हलका, छताशी गोळा होतो. तो जाळून टाकायला खास माणसं असत. ओले कपडे अंगावर घालून जमिनीवर सरपटत पुढे जायचं आणि लांब काठीच्या टोकाला पेटता पलिता बांधून छताशी धरायचा. वायू थोडा असेल तर भुरकन जळून जाई. जास्त असेल तर तो माणूस परत येत नसे. त्यांचे पुतळे वाटेवर आहेत. त्यांच्यासमोर दोन मिनिटं थांबा ही माझी विनंती. लोक फोटोसाठी राजाच्या पुतळ्याकडे धावतात.

लाकडाकडेही लक्ष ठेवा. दालनांत ओंडके एकावर एक आडवे-उभे रचून छताला आधार दिला आहे. मीठ लागून ते लाकूड कुजत नाही, उलट कडक होतं. पुष्कळ ठिकाणी त्याला पांढरा चुना फासलाय, मिणमिणत्या दिव्याचा उजेड परतावा म्हणून.

सोलकढी_प्लीज

घोडे पण होते ना तिथे? मुलीने शाळेच्या प्रकल्पात वाचलं होतं.

घाटमाथ्यावरची

होते. मोठमोठे लाकडी रहाट ओढायला आणि गाड्या हलवायला. तबेले खालीच. शेवटची घोडी बाश्का 2002 साली बाहेर आली. रहाट अजून जागच्या जागी आहे, गाईडने आमच्यातल्या दोघांना तो ढकलायला लावला. तो जरासा हलला, तेवढ्यातच दम निघाला.

तळकोकणी

सगळं वाचलं. छान आहे. पण मला एक विचारायचंय. पोलंडला जाऊन खाण बघायची, आणि शिरोड्याच्या शेजारी रेडीला जी लोखंडाची खाण आहे ती आपल्यातल्या कितीजणांनी बघितली? लाल डोंगर कापून केलेली एवढी मोठी खाण, जवळच बंदर, वर यशवंतगड. 1976 साली खाणीच्या परिसरातच ती दोन हातांची गणपतीची मूर्ती सापडली, तिच्या दर्शनाला रांगा लागतात. खाणीबद्दल मात्र कुणी दोन वाक्यं सांगत नाही. तिकडे दाखवतात तसं इकडे का दाखवू नये?

भातखाचर

कारण इकडच्या लोकांच्या ताटात ती लाल माती आली आहे, म्हणून.

मी रागाने लिहितोय, माफ करा, पण 'खाण पर्यटन' म्हटलं की मला बोलावंच लागतं. आमच्या गावात उघडी खाण आहे. पावसात लाल पाणी उतरतं आणि भाताच्या खाचरात गाळ बसतो. विहिरीचं पाणी जूनपासून दिवाळीपर्यंत पिण्याजोगं राहत नाही. ट्रकांच्या धुळीने रस्त्याकडेच्या काजूला मोहोर धरत नाही. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून कुणी सेल्फी काढावा हे मला बघवणार नाही. व्येलिच्काचं काम संपून गेलं, तो इतिहास झाला. आमचं अजून चालू आहे.

तळकोकणी

@भातखाचर, तुमच्या रागाला माझा विरोध नाही, उलट तो बरोबर आहे. मी म्हणतोय ते सेल्फीसाठी नाही. तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच खड्ड्याच्या काठावर उभं राहून बाहेरच्या माणसांना सांगणारं कुणी हवं. ट्रकवर काम केलेला एकजण आणि खाचर गमावलेला एकजण, दोघे गाईड. मग येऊ देत सहली.

भातखाचर

तसं असेल तर मी स्वतः येऊन उभा राहीन. पण तसं करू देतील का, याची शंका आहे.

खनिजवाला

दोघांचंही पटतं. फक्त एक फरक लक्षात असू द्या. कोकणात लोखंड असो, बॉक्साइट असो, कासार्ड्याची सिलिका वाळू असो की आपल्या घरांचा चिरा असो, जवळपास सगळं वरून उघडं करून काढतात. वरची माती, झाडं, पाण्याची वाट, सगळं आधी जातं. भूमिगत खाणीत वरचं गाव बरंचसं तसंच राहतं, पण खालच्या माणसाचा जीव टांगणीला असतो. 1975 च्या डिसेंबरात झारखंडच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. 1989 मध्ये राणीगंजला पुन्हा पाणी भरलं तेव्हा जसवंत सिंग गिल यांनी पोलादी कुपी बनवून घेतली, भोक पाडून तिच्यातून स्वतः खाली उतरले आणि अडकलेल्या 65 जणांना एकेक करून वर काढलं. आमच्या शिक्षणात हे दोन्ही प्रसंग लागोपाठ शिकवले, ते बरं केलं.

दर्यावर्दी

भूमिगत बघायचं तर परदेशीच जायला हवं असं नाही. नागपूरजवळ सावनेरला कोळशाच्या खाणीची सहल एमटीडीसी आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सने 2016 मध्ये सुरू केली होती. सध्याची स्थिती निघण्याआधी विचारून घ्यावी. कोलारची सोन्याची खाण मात्र 2001 ला बंद झाली, खाली पाणी भरलंय. तिथे वरचे मनोरे आणि वसाहतच बघायला मिळते.

रंकाळा_काठ

जरा विषयांतर, पण पोलंडचं नाव निघालं म्हणून लिहिते. कोल्हापूरजवळ वळिवडे गावात 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची वसाहत होती, पाचेक हजार माणसं. माझी आजी त्यांच्या गोष्टी सांगायची, बाजारात येऊन मराठीत भाव करणाऱ्या गोऱ्या बायकांच्या. आईंना हे जरूर सांगा. तिथे कुणी म्हातारं माणूस भेटलं तर 'कोल्हापूर' म्हणून बघा, ओळख लागायची शक्यता आहे.

शिरोड्याची_माहेरवाशीण

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, मी दोन दिवस वाचतेय. आज सकाळी आईला @खनिजवाला यांचं उत्तर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ता पण मिठागरच. फक्त मालक मेलो आणि आगर गाडला गेला." वायू जाळणाऱ्या माणसांचं ऐकून मात्र ती उठून आत गेली आणि देवापाशी दिवा लावून आली.

@भातखाचर, शिरोड्यातली काही आगरं आता ओस पडलीत. 1930 च्या मे महिन्यात ज्या जागी मिठाचा सत्याग्रह झाला, तिथलं मीठ ओढणारे हात कमी होत चाललेत. तुमचं दुःख वेगळं आहे, पण ऐकणारं कुणी नाही ही गोष्ट आमच्याकडेही आहे.

आता नेमकं विचारते. त्या पहिल्या 380 पायऱ्या टाळता येतात का? आणि गाईड इंग्रजीत बोलणार, आईला कोण सांगणार?

घाटमाथ्यावरची

पायऱ्या टाळता येतात. ज्यांना चालायचा त्रास आहे त्यांना खालीही लिफ्टने नेतात आणि वाटेचा काही भाग व्हीलचेअरसाठी केलेला आहे. पण ते ऐनवेळी जमत नाही, आधी कळवून ठरवून घ्यावं लागतं. मुलीला आजच मेल करायला सांगा. तसं केलंत तर काही दालनं सुटतील, पण किंगाचं मंदिर सोडू नका.

भाषेचं म्हणाल, तर नातीला आजीच्या शेजारी चालू द्या आणि गटाच्या शेवटी राहा. गाईड पुढे बोलून निघाला की मागे थांबून मराठीत सांगायला वेळ मिळतो. आम्ही तेच केलं. मागून येणारा गट पोचेपर्यंत दालन जवळजवळ आपलंच असतं.

भरती_ओहोटी

आईंचं वाक्य वाचून माझं मत बदललं असं म्हणणार नाही, गर्दी आहेच. पण त्यांच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर व्येलिच्काच योग्य, बोख्निया नंतर कधीतरी. एकच सांगतो, सहल कंपन्या ही खाण आणि ऑश्वित्झची छळछावणी एकाच दिवसात उरकतात. ते करू नका. दोन्ही जागांवर अन्याय होतो, आणि आईंच्या वयाला तर ते मुळीच झेपणार नाही.

खनिजवाला

सहमत. आणि आत फार हात लावू नका, फार वेळ एका कोरीव कामापाशी घोळका करू नका. मिठाचा शत्रू पाणी, आणि माणसाच्या श्वासात पाणी असतं. ओल लागून मूर्तींचे नाक-डोळे झिजायला लागले म्हणून 1989 मध्ये युनेस्कोने ही खाण धोक्यातल्या वारशांत टाकली होती. हवा कोरडी करायची यंत्रं बसवल्यावर 1998 ला तिथून काढली. मधल्या काळात, 1992 मध्ये, एका बोगद्यात बाहेरचं पाणी शिरलं आणि धावपळ उडाली. 1996 पासून खणून मीठ काढणं बंद आहे. झिरपणारं खारं पाणी मात्र रोज उपसावंच लागतं, ते आटवून मीठ करतात. आईंना सांगा, आटवायचं काम तिथे आजही चालू आहे.

काजूबोंड

आवशीक म्हणा, त्यांच्या पोरांका दोन गोष्टी शिकवन ये.

रानमोगरा

क्राकूफहून कसं जायचं तेही कुणी लिहा. टॅक्सी महाग पडते का?

घाटमाथ्यावरची

टॅक्सीची गरजच नाही. मुख्य स्टेशनवरून लोकल गाडी जाते, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. शेवटच्या स्टेशनाच्या नावातच खाण आहे, तिथून थोडंसं चालायचं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, इंग्रजी फेरीची वेळ बघून. सकाळची पहिली फेरी घेतलीत तर बरं. मोठ्या बॅगा खाली नेऊ देत नाहीत, आईंच्या औषधांची छोटी पिशवी आणि पाण्याची बाटली ठेवा. बूट घसरट नसलेले हवेत. नवीन घेणार असाल तर इथूनच घ्या आणि निघण्याआधी चार दिवस घालून फिरवा.